तळ्याच्या वाटंवरची काटी

अंबूबाईला धावडगावात दिली ती पाणी बघून. नवरा बघायच्या आधी तिच्या बानं तळं बघितलं.

ती जतच्या पलीकडची, उमदीच्या अंगाची. तिकडं निम्मं गाव कन्नड बोलतंय आन् सगळं गाव टँकरची वाट बघतंय. सोयरीक बघायला तिचा बा रहिमतपूरच्या अलीकडं, हितं धावडगावात आला. पोरगा मिल्ट्रीत हाय म्हणून सांगितलं, ऊस हाय म्हणून सांगितलं, तरी बा नुसता मान हलवत बसला. मग कुणीतरी त्याला पाय धुवायला तळ्यावर नेला. परत आला आन् टोपी काढून म्हणला, "पोरगी दिली." नानासो, म्हंजे नवरा, तवा सुट्टीवर बी नव्हता.

लग्नानंतर पयल्या सकाळी सासूनं तिच्या डोक्यावर धुण्याची बुट्टी दिली आन् पाणंदीनं लावून दिली. पाणंद म्हंजे दोन्ही अंगाला घायपात आन् मधनं बैलगाडी जाईल एवढी वाट. खालच्या आळीतनं सुटायची ती थेट घाटाच्या पायऱ्यांवर. पायऱ्यांच्या कडंला साती आसरांचे शेंदूर फासल्याले दगड. तिथं उभं राहून अंबूबाईनं पाणी बघितलं.

"यव्वा!" म्हणली. बुट्टी खाली ठेवली आन् नव्या साडीसकट गळ्याएवढ्या पाण्यात जाऊन बसली.

बाया हसून हसून बेजार. एक म्हातारी वराडली, "आगं ए जतवाले, भाईर ये! तळं काय पळून जातंय व्हय?"

ते नाव चिकटलं. जतवाली. सासरी सगळ्यांशी भांडली, पण तळ्याशी कवा भांडली न्हाई. नानासो वर्षातनं एकदा यायचा, बाकीचं वरीस तिनं तळ्याजवळ काढलं. कुणी ट्रॅक्टर धुवायला आणला की दगड घेऊन उभी. "तुज्या घरातल्या हंड्यात वत की रं डिझेल! हितं का आलास?" लोक म्हणायची, जतवालीला तळं हुंड्यात दिल्यागत करती. ती म्हणायची, "दिलंयच!"

अंगात तिच्या दोन गुण. एक शिव्या, दुसरा वाकळ. जुन्या लुगड्या-धोतराची वाकळ अशी शिवायची की अंगावर घेतल्यावर आईच्या पोटात गेल्यागत वाटावं. अर्ध्या गावाच्या वाकळा तिच्या हातच्या. आन् घट बसायच्या आधी सगळ्या गावाच्या वाकळा तळ्यावर निघायच्या, तवा ही पुढं. भिजल्याली वाकळ उचलायला दोन बाया लागत्यात. ही एकटी पिळायची.

एकच पोरगं. शंभूराज. नानासो सुट्टीला आला तवा पांगिऱ्याच्या हलक्या, तरंगत्या लाकडाचा बिंडा पोराच्या पाठीला बांधला आन् पायरीवरनं दिला ढकलून. म्हणला, "चल जवान!" पोरगं गटांगळ्या खातंय आन् अंबूबाई काठावरनं नवऱ्याला शिव्या देतीय. थोड्या वर्षांनी तेच पोरगं बाकीच्या पोरांच्या पाठीला बिंडे बांधायला लागलं. बारावीनंतर भरतीच्या मागं लागला. सकाळी पळायचं, मग तळ्यात उतरायचं, पल्याड जाऊन अल्याड यायचं. त्याच्याएवढं पोहणारं गावात दुसरं कुणी नव्हतं, आन् म्हणूनच कुणाच्या मनात कवा काळजी आली न्हाई.

त्या दिशी पल्याड गेला. अल्याड आला न्हाई.

पायात गोळा आला म्हणत्यात. शेवाळात अडकला म्हणत्यात. म्हाताऱ्या म्हणत्यात आसरांनी नेला. त्याचा दोस्त धैर्यशील काठावर त्याची कापडं मांडीवर घेऊन बसल्याला. त्याला वाटलं, गंमत करतोय.

आता धावडगावची एक रीत सांगाय पायजे, कारण पुढचं सगळं तिच्यामुळंच झालं. तळ्यात कुणाचं माणूस गेलं तर त्या घरच्या बाईनं पाणंदीच्या तोंडाला बाभळीची काटी आडवी टाकायची. काटी हाय तवर तळ्याला सुतक. त्या वाटंनं कुणी पाण्याला जायचं न्हाई. मग एक दिस त्या बाईनं एकटीनं काटी वलांडायची, गेल्याल्या माणसाची वाकळ तळ्यात धुवायची, आन् परत येताना आपल्या हातानं काटी उचलून फेकायची. झालं. सुतक फिटलं, वाट खुली. दुसऱ्या कुणी त्या काटीला हात लावला तर मेल्याला माणूस वाटंतच राहतो म्हणत्यात.

बाकीच्या बाया तेराव्याच्या आसपास वाकळ धुवायच्या. अंबूबाईनं धुतली न्हाई.

ती वाकळ तिनंच शिवल्याली. नानासोच्या जुन्या वर्दीचं कापड, तिच्या लग्नाची हिरवी साडी, शंभूराजच्या शाळंतल्या चड्ड्या. तिच्यात त्याचा वास व्हता. खोबऱ्याचं तेल, घाम, आन् थोडा शेवाळाचा. ती ट्रंकेत ठेवायची. दुपारी सगळी शेताला गेली की काढायची, तोंडावर घ्यायची आन् तशीच पडून ऱ्हायची. धुवायची म्हंजे तो वास पाण्यात सोडायचा. पाण्यानं आधीच सगळं घेतलं व्हतं, आता हे बी द्यायचं?

नानासो एकदा म्हणला, "अंबे, तळं थांबलंय."

"थांबू दे. मी बी थांबलीया."

रिटायर झाल्यापासनं त्याचा एक शब्द ठरल्याला, कशाला बी 'देख लेंगे'. त्या दिशी तेवढा बी म्हणला न्हाई. औंधला यमाईच्या पायऱ्या चढवून आणली तिला. आली, ओटी भरली, परत ट्रंक उघडून बसली.

आन् गाव? गावानं काय केलं ऐका. घट बसायचं दिस आलं. बायांनी वाकळा टेम्पोत भरल्या आन् लांब कालव्यावर जाऊन धुतल्या. एक बाई बी म्हणली न्हाई की जतवाले, उरक आता. पोरं पोहायची थांबली. कोंडीबा धनगर रोज मेंढरं तळ्यावर पाजायचा, तो वड्याला न्यायला लागला. एकदा अंबूबाई वाटंत भेटली तर म्हणला, "वैनी, मेंढरास्नी सुतक कळत न्हाई. पण मला कळतंय."

वाऱ्यानं काटी उडायची. हात तर लावायचा न्हाई. मग कोंडीबा काठीनं ढकलत ढकलत ती परत जाग्यावर आणायचा. वर एक दगड ठेवला, उडू नये म्हणून. जुनी काटी कुजली तवा अंबूबाईनं नवी टाकली. दुसरे घट आले. टेम्पो परत कालव्यावर गेला.

माया म्हंजे माया. पण मायेला कागद कळत न्हाई.

मधल्या काळात धावडगाव नगरपंचायत झाल्यालं. नगरसेविका स्वप्नाली, खालच्या आळीचीच सून, शिकल्याली, कामाला वाघ. पुण्याची एक पार्टी आली. तळ्याच्या काठाला रिसॉर्ट बांधायचं म्हणली. पल्याडची जमीन त्यांनी घेतल्याली, पण अल्याडची पाणंद आन् घाट सार्वजनिक. ती जागा लीजवर पायजे. बदल्यात गावाला गटार, दवाखान्यावर छप्पर, पोरास्नी कामं. नोटीस लागली, ज्याची हरकत असंल त्यानं सुनावणीला या.

गिरणीत दळण टाकून बाया बोलत बसल्याल्या.

"बरं हुईल की. माजं पोरगं घरात नुसतं मोबाईल चोळत बसतंय."

"आन् घाट? घट बसायच्या टायमाला काय करायचं?"

"आगं मशीन हाय की घरात."

"वाकळ जाती व्हय मशीनमधी? गेल्या साली माज्या जावंनं घातली, मशीन असं नाचाय लागलं, जशी अंगात आली!"

हसल्या. तेवढ्यात अंबूबाई डबा घेऊन दारात. सगळ्या गप. जातं तेवढं घरघरतंय. एकीनं सरकून जागा दिली, दुसरीनं तिचा डबा उतरून घेतला.

हेच तिला सोसत न्हवतं. पोरगं गेल्यापासनं तिच्याशी कुणी भांडलं न्हवतं. तिनं मुद्दाम रांग मोडली तरी लोक मागं सरायची. शिवी दिली तरी 'व्हय काकी' म्हणायची. गाव तिला काचंच्या बरणीगत धरून चाललं व्हतं.

धैर्यशील घरी आला. दहावीतनं शाळा सोडल्याला, डोकं गरम, शंभूराजच्या माघारी रोज येऊन बसणारा. "काकी, सुनावणीला जायचं. मी बोलणार. तळं जाऊ द्यायचं न्हाई."

"कुठं जातंय तळं?" अंबूबाई म्हणली. तिला खरंच वाटत न्हवतं. तळं काय पळून जातंय व्हय?

पण रात्रभर इचार करून सकाळी ती नानासोला म्हणली, "आवं, सुनावणी झाली की मी वाकळ धुती. दुसऱ्याच दिशी. बास झालं."

नानासोनं चहाची बशी खाली ठेवली. बघत राहिला तिच्याकडं. "बघ हां," म्हणला.

सुनावणीला हॉल भरला. खालची आळी सगळी आल्याली. पुढं टेबलाला नगरपंचायतीनं नेमल्याला साहेब, शेजारी स्वप्नाली. स्वप्नालीनं उभं राहून सांगितलं, आन् तिचं खोटं न्हवतं बी. गटारीचं पाणी दारात येतंय. बाळंतपणाला पोरी उंब्रजला न्याव्या लागत्यात. "तळं कुठं जात न्हाई. तळं आपलंच ऱ्हातंय. फकस्त वाट त्यांच्याकडं जाती."

धैर्यशील उठला. "ताई, म्हंजे ताट आमचं आन् हात बांधल्याला! मग जेवायचं कशानं, नाकानं?"

हॉल हसला. टाळ्या पडल्या. कोंडीबानं टोपी उडवली. धैर्यशील चढला मग. आमच्या आया तिथं धुणं धुवत आल्यात, आमी तिथं पोहायला शिकलो, गाव तिथनं पाणी भरत आलंय, ही वाट आज बी वहिवाटीत हाय...

"आज बी?" साहेबानं इचारलं. आवाज चढवला न्हाई त्यानं. "मी पाहणीला तीन-चार वेळा येऊन गेलो. एकदाही मला त्या वाटेवर माणूस दिसला नाही. जनावर नाही. घाटाच्या पायऱ्यांवर गवत वाढलंय. आणि हे बघा."

भिंतीवर फोटो आला. पाणंदीचं तोंड. आडवी बाभळीची काटी. तिच्यावर कोंडीबाचा दगड.

"नुसती फांदी टाकलेली नाही. वर दगड ठेवून पक्का बंदोबस्त केलाय. वाळली की नवी टाकलीये. ही वाट गावानंच बंद केलीय. बरोबर? कुणाला काही सांगायचंय?"



सगळ्यांना ठाव व्हतं. एकानं जरी म्हणलं असतं की साहेब, हे आमच्यातलं सुतक हाय, एका पोराचं सुतक हाय, तर काम भागलं असतं का न्हाई देव जाणे. पण म्हणायचं म्हंजे भरल्या हॉलात अंबूबाईकडं बोट करायचं. त्या बाईनं वाकळ धुतली न्हाई, तिच्यामुळं वाट बंद. असं कोण म्हणंल? धैर्यशील उभाच. कोंडीबानं मान खाली घातली. स्वप्नालीला बी ठाव व्हतं. ती पदराशी चाळा करत बसली. गाव गप बसलं. तिच्यासाठी गप बसलं.

अंबूबाईनं मागं वळून सगळ्यांची तोंडं बघितली. तवा तिला उमगलं.

ती उठली. "साहेब, काटी माजी हाय."

"तुम्ही टाकली?"

"व्हय. पोरगं गेलं माजं तळ्यात. तवापासनं हाय. गावाचा काय दोष न्हाई, गाव माज्यासाठी थांबलंय. उद्या उचलती मी."

साहेबाचं तोंड उतरलं, खरं सांगायचं तर. वाईट माणूस न्हवता तो. पण त्यानं इचारायचं तेच इचारलं, "मुलगा कधी गेला, मावशी?"

"तिसरे घट येत्याल आता."

"आणि तेव्हापासून कुणीच वापरली नाही वाट?"

अंबूबाईला वाटलं, गावाची माया सांगायची हीच येळ. छाती पुढं करून म्हणली, "एक माणूस न्हाई गेलं. मेंढरू बी न्हाई गेलं."

शेजारचा कारकून लिहीत व्हता. साहेबानं त्याच्याकडं बघितलं. कारकुनानं मान हलवली. लिहून झालं व्हतं.

भाईर आल्यावर कुणी तिला काय बोललं न्हाई. ती गिरणीजवळ उभी राहिली आन् वराडली, "बोला की! माज्यामुळं गेलं म्हणा! शिव्या द्या की गं भवान्यांनो, तोंडं शिवली का तुमची?"

बाया बघत राहिल्या. मग एकजण पुढं आली, तिचा हात धरून म्हणली, "आवं, जेवलासा का तुमी?"

अंबूबाई रस्त्यातच खाली बसली.

दुसऱ्या दिशी ती वाकळ घेऊन निघाली खरी. डोक्यावर बुट्टी, बुट्टीत वाकळ, मागनं नानासो, कारण त्याचं मन ऱ्हाईना. पाणंदीच्या तोंडाला जेसीबी उभा. लीजचा कागद बी निघाला नसंल अजून, पण त्या पार्टीला सकाळचीच घाई. डायव्हर कुठला तरी लांबचा, कानात गाणं. त्याला काय ठाव? बकेट खाली आली आन् काटी, दगड, घायपात सगळं एका घासात उचलून बाजूला टाकलं.

"आरं थांब!" नानासो वराडला. डायव्हरनं कानातलं काढलं. "क्या हुआ चाचा?"

नानासोला हिंदी येत व्हतं. आयुष्यभर बोलला व्हता. पण हे त्याला हिंदीत सांगता येईना.

अंबूबाईनं बुट्टी खाली ठेवली न्हाई. काटी उचलायची तिनं. ती उचलली मशीननं. मग आता धुवून करायचं काय, फिटायचं काय? ती माघारी फिरली. उतारावर तिचा तोल जात व्हता तरी नानासोला हात लावून दिला न्हाई.

पुढं भिंत झाली, गेट झालं, वरीसभरात आत हाटेल झालं. गेटावर वॉचमन धैर्यशील. भरतीत छातीत कमी पडल्याला, दुसरं काम न्हाई, घरात म्हातारी. कुणी त्याला नाव ठेवलं न्हाई, पण तो गावात मान वर करून फिरंना. चौथ्या घटाच्या आधी अंबूबाई गेटावर गेली. परत बुट्टी, परत वाकळ. काटी न्हाई तर न्हाई, धुवून तरी टाकावी म्हणून.

"काकी, आत सोडतो मी. हाटेलच्या साहेबाला इचारलंय. बघायला सोडतो म्हणलाय." मग खाली बघून, "पण धुणं धुवायला बंदी हाय. पाटी लावल्याली हाय. आत मशीन हाय मोठं, हाटेलच्या चादरींचं. त्यात घालून आणू? मी स्वतः उभा ऱ्हातो मशीनजवळ, काकी. शपथ."

खरंच त्याला वाटलं, हे तरी करावं.

"तू उतरतोस का रं पाण्यात?"

"न्हाई. स्टाफला बी परवानगी न्हाई."

"पाणी कसं हाय?"

"रात्री निळी लाइट लावत्यात. दिसतंय चांगलं."

ती हसली. लय दिसांनी हसली, आन् ते हसणं बघून धैर्यशीलनं टोपी काढली. मग तिनं रस्त्याकडंच्या बाभळीची एक काटी मोडून घेतली, हातातनं रगत आलं, आन् गेटाच्या पुढं आडवी टाकली. घराकडं गेली.

संध्याकाळी धैर्यशील आला. दारातच उभा राहिला. "काकी, गाड्या येत व्हत्या. सारावी लागली. पण हात न्हाई लावला मी. काठीनं सारली."

"बरं केलंस," अंबूबाई म्हणली. "चहा घे."

तो न घेताच गेला.

नानासो आत खाटंवर बसल्याला. तिनं ट्रंक उघडली, वाकळ काढली, नेहमीगत तोंडावर घेतली. बराच येळ तशीच. मग उलटी केली, दुसऱ्या बाजूनं घेतली. शाळंच्या चड्डीचं ठिगळ नाकाशी धरलं. हिरव्या साडीचं धरलं. वर्दीचं धरलं. डांबराच्या गोळीचा वास आला. ट्रंकेच्या पत्र्याचा आला. बाकी काय न्हाई. कवा गेला ते बी कळलं न्हाई. न धुता गेला.

"आवं," ती म्हणली. "वास गेला."

नानासो उठला. वाकळ घेतली, तोंडाशी धरली. त्याचे खांदे वर-खाली झाले. मग घडी घालून तिच्या मांडीवर ठेवली.

"हाय की," म्हणला. "येतोय."

अंबूबाईनं त्याच्या तोंडाकडं बघितलं. हॉलमधी सगळ्या गावाचं तोंड जसं व्हतं, तसंच व्हतं ते.